बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा

८ एप्रिल २०२५, मंगळवार

सकाळी सव्वानऊ, जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), पवईत आयआयटीच्या मेन गेटच्या अलीकडे. मेट्रोच्या खांबांशेजारच्या चिंचोळ्या पट्ट्यात एक बस, दोन डंपर आणि मधे मोटरसायकलवर मी. गांधीनगरपासून तिथवर यायला पंचवीस मिनिटं गेली, त्यातली वीस पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर. तापमानाचा लाल दिवा लागला. आधी वाटलं ऊन चमकतंय. मग उजव्या पोटरीला पँटमधून चटका बसला तेव्हा पटलं.

गाडी फुटपाथला लावली. कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीत डोकावलो: वरच्या रेषेच्याही वर, फुल्ल. म्हणजे पाणी आहे. फॅन मात्र बंद. इंजिन एवढं पेटलेलं असताना फॅन फिरत नसेल तर फॅन गेला. पाच मिनिटांत निदान झालं. अर्ध्या तासाने गाडी चालू केली आणि मरोळच्या साईटवर पाऊण तास उशिरा पोचलो. दिवसभर लोकांचे एसी थंड करायचे आणि आपली गाडी तापवत घरी यायचं.

गाडीचं टिपण एकदाच करून ठेवतो: दोनशे सीसी, लिक्विड कूल, २०१७ चं मॉडेल. गेल्या दिवाळीत सेकंडहँड घेतली, आज मीटर ४१,३०० वर. कूलंट साधारण सव्वा लिटर मावतं. आधीच्या मालकाने कधी बदललं होतं ते त्याचं त्याला ठाऊक.

(नंतरची भर: "बाटली फुल्ल म्हणजे पाणी आहे" हे वाक्य मला तीन आठवड्यांना पडलं. खोडत नाही, राहू दे.)

९ एप्रिल

रात्री साडेनऊला बिल्डिंगखाली, टॉर्च दातात धरून. फॅनचा प्लग काढून बॅटरीवरून थेट करंट दिला तर गरगर फिरला. फ्यूज शाबूत. या गाडीत फॅनचा कारभार ईसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे, नाही. रेडिएटरच्या वरच्या अंगाला एक थर्मो स्विच बसवलेला आहे. पाणी ठरावीक तापलं की तो आतून जोडला जातो आणि फॅन लागतो. स्विचच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या. खाडीकडची खारी हवा आणि आठ पावसाळे, दुसरं काय होणार. पॉलिश पेपरची बारीक पट्टी करून घासल्या, थोडं ग्रीस लावलं. वायरीची दोन टोकं शॉर्ट केली की फॅन लागतो. सापडला चोर.

गाडी तापवून खात्री करायला हवी होती. पण पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून "किती वाजले रे?" असं विचारलं, आणि तो वेळेबद्दलचा प्रश्न नव्हता. पॅकअप.

१२ एप्रिल, शनिवार

पुन्हा तापली, साकी विहार रोडला. फॅन बंदच. चोर दुसराच आहे.

१३ एप्रिल, रविवार

स्विचच गेला असणार म्हणून तो काढून तपासायचं ठरवलं. सकाळी गाडी गार असताना घेतली. स्विच सैल केला की तिथून कूलंट सांडणार, म्हणून खाली घमेलं ठेवलं, हाताशी फडकं आणि भोक बंद करायला रबरी बूच. वीस नंबरच्या पान्याने एक आटा, दोन आटे, तीन. स्विच हातात आला.

भोकातून एक थेंबही पडला नाही.

मी तसाच उकिडवा बसून राहिलो. मग भोकात बोट घातलं. आत कोरडं, कडेला तपकिरी खरपुडी. रेडिएटरचं झाकण उघडून टॉर्च मारला तर वरच्या नळ्या उघड्या, पाणी कुठे दिसेना. बाजूला बाटली मात्र काठोकाठ, हिरवीगार, जणू काही झालंच नाही.

रेडिएटरचं झाकण गरम गाडीवर कधीही उघडायचं नाही, हे इथेच लिहून ठेवतो. आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि शंभराच्या वर तापलेलं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. आमच्या मागच्या गल्लीतल्या एकाचा हात असाच सोलला होता.

मेडिकलमधून साठ मिलीची सिरिंज आणली. मोजून भरलं तर ३८० मिली मावलं. सव्वा लिटरपैकी जवळजवळ एक तृतीयांश गायब.

स्विच घरी नेला. पातेल्यात पाणी, त्यात स्विच दोऱ्याने टांगलेला, शेजारी कामावरचा प्रोबवाला थर्मामीटर, स्विचच्या टोकांना मल्टिमीटर. ९६ अंशाला मल्टिमीटर वाजला. स्विच ठणठणीत.

आई चहाला उठली होती. तिने पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे कुठलं पातेलं?"

"धुऊन देतो."

"नको. आता ते तुझंच."

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. कॉलनीत सकाळपासून निळे झेंडे आणि डीजे, त्यामुळे माझं इंजिन कितीही वेळ चालू ठेवलं तरी आज कोणी ओरडणार नव्हतं. गाडी जागेवर उभी करून रेस दिली. अकरा मिनिटांनी फॅन आपोआप लागला, तीन मिनिटांनी बंद झाला, परत लागला. दिवा लागला नाही.

म्हणजे फॅन कधीच बिघडला नव्हता. स्विच रेडिएटरच्या वरच्या भागात बसतो आणि तो पाण्याने तापतो, हवेने नाही. पातळी खाली गेली तेव्हा स्विच हवेच्या पोकळीत लटकत होता. खाली पाणी उकळतंय, वर त्याला पत्ता नाही. इंजिन तापतं म्हणून फॅन लागायला हवा, आणि नेमकं पाणी नसल्यामुळे तोच लागत नाही. बुधवारी मी लक्षणाला पॉलिश पेपर घासत बसलो होतो.

आता खरा प्रश्न. पाणी जातं म्हणून गाडी तापते, की गाडी तापते म्हणून पाणी जातं? आणि बाटली भरलेली कशी?

बाटलीवर मार्करने बारीक रेघा मारल्या, दर रेघ दहा मिली. सध्या ती बरोबर मध्यावर आणून ठेवली. आजपासून रोज सकाळी गार गाडीवर दोन आकडे लिहायचे: रेडिएटरमध्ये किती मावलं, बाटली किती हलली. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी उस्ताद एकच गोष्ट शिकवतो. गॅस खर्च होत नसतो. कमी झाला असेल तर लीक आहे, शोध. कूलंटचंही तेच.

१९ एप्रिल, शनिवार

पाच दिवस, २१० किलोमीटर. रेडिएटरमध्ये एकूण १४० मिली भरावं लागलं, त्यातलं ६० पहिल्याच दिवशी. त्याच काळात बाटली ११० मिलीने वर चढली. पाणी गाडीच्या बाहेर जात नाहीये तर! रेडिएटरमधून निघून बाटलीत जाऊन बसतंय.

१४० वजा ११०, तीस मिलीचा हिशोब लागत नाही. सिरिंज, रेघा, माझे डोळे, कुठेतरी चूक असेल. सोडून दिलं.

व्यवस्था अशी असते. पाणी तापलं की फुगतं. रेडिएटरच्या झाकणात एक स्प्रिंग असते, माझ्या झाकणावर १.१ छापलंय, म्हणजे तेवढा बार दाब होईपर्यंत ती पाणी आत दाबून धरते. हा दाब हवाच. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, १.१ बार दाबाखाली तेच सव्वाशेच्या पुढे जातं. दाब त्याहून वाढला की स्प्रिंग उचलली जाते आणि जास्तीचं पाणी बारीक नळीतून बाटलीत जातं. रात्री इंजिन गार झालं की पाणी आक्रसतं, आत निर्वात तयार होतो, झाकणाच्या मधोमध असलेली दुसरी छोटी झडप उघडते आणि तेच पाणी त्याच नळीतून परत ओढलं जातं. फुप्फुसासारखं, रोज एक श्वास बाहेर, एक आत.

माझी गाडी श्वास सोडते, घेत नाही. आत पाण्याऐवजी हवा भरते. बाटली भरत जाऊन शेवटी तिच्या सांडव्यातून रस्त्यावर वाहते, आणि आपण ती भरलेली पाहून खूश.

म्हणजे पाणी का जातं हा प्रश्नच चुकीचा होता. जाणं बरोबर आहे, ते परत का येत नाही ते बघायचं.

संध्याकाळी विलासदादाच्या गॅरेजवर हे सगळं सांगितलं. त्याने हातातला कार्बोरेटरचा जेट फुंकत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हेड गेलंय. उघडून टाकू." हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. मी आकडे दाखवले. तो म्हणाला, "मग थर्मोस्टॅट काढून फेक. मुंबईत काय करायचाय तो? बर्फ पडतो का?" हा सल्ला मला आतापर्यंत चार जणांनी दिलाय. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप. तो थंडीसाठी नसतो, इंजिन एका ठरावीक तापमानावर राहावं म्हणून असतो. तो काढला की पहाटे मोकळ्या हायवेवर इंजिन कायम कोमट राहतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमधली वाफ उडत नाही. खराब असेल तर बदलावा. काढून फेकायचं कशाला? पण विलासदादाशी वाद घालत नाही, शाळेत असल्यापासून तो माझं पंक्चर काढतोय.

२० एप्रिल, रविवार

तरी थर्मोस्टॅटची शंका मिटवून टाकली. तेच पातेलं. अंगावर ८२ कोरलेलं, ८३ ला फट दिसायला लागली, ९४ ला पूर्ण उघडा. परत बसवला, ओ-रिंग नवी.

झाकण तपासलं. खालची मधली चकती नखाने ओढून सोडली तर ती झटकन परत बसायला हवी. माझी ओढली तशीच राहिली, मग आळस देत गेली. रबराला केसाएवढ्या भेगा. नवं झाकण, तोच १.१ आकडा बघून घेतलं. दुकानदार १.४ चं देत होता, "जास्त चांगलं" म्हणून. जुन्या होजवर जास्तीचा दाब नको.

बाटली परत मध्यावर आणली. खुशीत झोपलो.

२६ एप्रिल, शनिवार

रेडिएटर १२० ने खाली, बाटली ९० ने वर. नवं झाकण लावूनसुद्धा!

आणि पुन्हा ते तीस. दोनदा तोच आकडा आला म्हणजे माझे डोळे चुकत नाहीत. पण आधी एका चोराचा निकाल.

झाकण आणि बाटली यांच्यामध्ये उरते फक्त ती नळी. हातभर लांब, काळं रबर, बाहेरून काही दिसत नाही. रेडिएटरच्या मानेवरून ती सोडवली, टोकाला सिरिंज लावली आणि दांडा हळूहळू ओढला. बाटलीतून कूलंट यायला हवं. पहिले दोन मिली आलं, मग बुडबुडा, मग बुडबुड्यांची माळ, मग नुसती हवा. उलट सिरिंज दाबली तर सगळं पाणी नीट बाटलीत जातं. एका दिशेला चालते, दुसऱ्या दिशेला नाही. हे कसं काय, म्हणून नळी बोटाभोवती वाकवत बघत गेलो. मानेवरची क्लिप जिथे बसायची तिथे, क्लिपच्या दाताखाली, रबराला आडवी चीर होती. वाकवली की ओठासारखी उघडते, सोडली की मिटते. पाणी जाताना क्लिपचा दात चिरेला दाबून धरतो, एखादा थेंब गळाला तरी गरम मानेवर सुकतो. ओढून घेताना मात्र पाणी एवढं लांबून वर चढवण्यापेक्षा चिरेतून हवा घेणं सोपं. इंजिन रोज रात्री या चिरेतून हवा पीत होतं.

२७ एप्रिल

नवी नळी, हायवेपलीकडच्या हार्डवेअरवाल्याकडून, दीड फूट, साठ रुपये. दात असलेली क्लिप फेकली, स्प्रिंगची गोल क्लिप लावली. सिरिंजने ओढून पाहिलं, पहिल्या मिलीपासून हिरवं.

खर्चाची बेरीज करून पाहिली. झाकण, ओ-रिंग, ग्रीस, सिरिंज आणि एक पातेलं, हे सगळं साठ रुपयांच्या नळीपायी.

१ मे, गुरुवार

चार दिवस झाले. झाकण उघडलं, रेडिएटर काठापर्यंत. पहिल्यांदा. श्वास परत येतोय.

पण बाटली २५ मिलीने खाली गेली. तोच तो तीस मिलीचा हिशोब. आधी दोन चोर एकत्र होते आणि मोठ्याच्या गोंधळात छोटा दिसत नव्हता.

जमिनीवर डाग नाही. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून पाहिलं, सकाळी कोरडं. होज, जोड, रेडिएटरच्या जाळ्या, सगळीकडे कोरडं फडकं फिरवलं, कोरडंच परत आलं. पाणी बाहेर दिसत नाही म्हणजे ते आत, सिलिंडरमध्ये जळतंय का? विलासदादाचं "हेड गेलंय" कानात वाजायला लागलं. या इंजिनचं हेड काढायचं म्हणजे दोन रविवार आणि खिशाला मोठी चाट.

तपासण्या केल्या. ऑइलच्या झाकणाखाली पाणी मिसळल्याची साय नाही, ऑइल स्वच्छ. स्पार्क प्लग छान तपकिरी. पाणी जळत असतं तर तो धुऊन काढल्यासारखा पांढरा दिसला असता. सायलेन्सरला गोडसर वास नाही, गरम झाल्यावर पांढरा धूर नाही. शेवटी झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू केलं आणि पाण्यात बघत बसलो. बुडबुडे आले! हेडगॅस्केट फुटली की सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतो आणि असेच बुडबुडे येतात. पोटात गोळाच आला. मग आठवलं, नळी बदलल्यापासून मी आतली हवा नीट काढलीच नव्हती. पुढचं चाक विटेवर चढवलं, गाडी डावीकडे-उजवीकडे कलवली, होज हाताने दाबले. मोठे दोन-चार ढेकर निघाले आणि पाणी शांत झालं. दहा मिनिटं पाहिलं, एकही नाही. गॅस्केटचे बुडबुडे असे थांबत नाहीत.

हेड वाचलं. पण पंचवीस मिली कुठे गेलं?

१० मे, शनिवार

कुर्ल्याला सीएसटी रोडवर रेडिएटरवाल्याकडे गेलो. पत्र्याची शेड, पाण्याचा मोठा हौद, त्यात बुडवलेले गाड्यांचे रेडिएटर. चाचांनी माझी वही पाहिली, आकडे वाचले, आणि कुठलाही प्रश्न न विचारता हातपंपाचा प्रेशर टेस्टर रेडिएटरच्या तोंडावर बसवला. गार इंजिनवर १.१ पर्यंत दाब दिला. काटा दहा मिनिटांत ०.९ वर आला. तरीही कुठे थेंब नाही.

चाचांनी बेली पॅनचे, म्हणजे इंजिनखालच्या कव्हरचे, चार स्क्रू काढायला लावले. मी तो कधीच काढला नव्हता, त्यावर नुसता चिखल. त्यांनी वॉटर पंपाच्या खालून करंगळी फिरवली आणि माझ्यासमोर धरली. ओली. पंपाच्या पोटाला शेंगदाण्याएवढं भोक आहे, त्याच्याखाली इंजिनच्या अंगावर पांढरट-हिरवी खडूसारखी रेघ सुकलेली, सरळ सायलेन्सरच्या बेंडपर्यंत.

"टपकता नहीं, उडता है," चाचा म्हणाले.

पंप फिरतो आणि दाब चढतो तेव्हाच तिथून पाझरतं, आणि त्या वेळी खाली इंजिन आणि बेंड तापलेले असतात. थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही. गाडी उभी राहून गार झाली की दाब नाही आणि पाझरही नाही. माझं वर्तमानपत्र कोरडं राहणारच होतं.

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या शाफ्टवर दोन सील: पाण्याच्या बाजूला मेकॅनिकल सील, इंजिनच्या बाजूला ऑइल सील. दोघांच्या मधल्या जागेतून हे भोक खाली उघडतं. पाणी आलं तर मेकॅनिकल सील गेलं, ऑइल आलं तर ऑइल सील. विलासदादाला फोन केला तर म्हणाला, "एमसील भर त्यात, पावसाळा जाईल." भरलं असतं तर पाण्याला बाहेरची वाट बंद, पुढची वाट ऑइलमध्ये. मग खरोखरच साय दिसली असती.

११ मे, रविवार

पंप उघडला. आधी सगळं कूलंट घमेल्यात. त्याआधी मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं कूलंटमध्ये बुडवून पाहिलं: ०.४५ व्होल्ट. ०.३ च्या वर गेलं की कूलंटमधलं गंजविरोधी औषध संपलं असं धरतात. घमेल्यावर लगेच पत्रा झाकला, कारण बिल्डिंगची मनी पहिल्या मिनिटापासून वास घेत होती. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि मांजर-कुत्र्यांना थोड्या प्रमाणातही जीवघेणं. गटारात ओतू नका, उघडं ठेवू नका. मी कॅनमध्ये भरून चाचांकडे दिलं, ते जुनं कूलंट वेगळं गोळा करतात.

इम्पेलर (पंपाचं पात्यांचं चाक) काढला, मागे मेकॅनिकल सील. एक कार्बनची चकती, तिच्यावर घासणारी सिरॅमिकची गुळगुळीत चकती. दोन्ही आरशासारख्या हव्यात. माझ्या कार्बनवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या गोल रेघा, एका जागी कड उडालेली. नखाला लागतात.

हे सील पाण्यावरच गार राहतं आणि पाण्यावरच घसरतं. पंपात हवा आली की ते कोरडं घासतं. नळीच्या चिरेतून आत आलेली हवा कितीतरी महिने पंपातून फिरत होती. शिवाय तळाशी वाळूसारखा कण सापडला. कोणीतरी बोअरचं पाणी ओतलं असावं. आधी नळी, मग सील, असा माझा अंदाज. उलटं असेल तर सिद्ध करायला आता काही उरलेलं नाही.

१७ मे, शनिवार

नागदेवी स्ट्रीट. कंपनीच्या काउंटरवर सील सुटं मिळत नाही, पूर्ण पंपच घ्या म्हणतात. नागदेवीत मात्र जुनं सील काचेवर ठेवलं, म्हाताऱ्या दुकानदाराने व्हर्नियर लावून तीन मापं घेतली, मागे वळून न बघता खणातून तसंच काढलं. ऑइल सीलही घेतलं. उघडलंच आहे तर दोन्ही बदलायचे, दुसऱ्यांदा कोण उघडणार. गॅस्केट पेपर एक शीट. ऊन असं की मशीद बंदरच्या ब्रिजवर लिंबू सरबत दोन ग्लास.

१८ मे, रविवार

बसवलं. सील ठोकायचं नाही, दाबायचं. बरोबर मापाची गोटी (पान्याचा सॉकेट), वर लाकडाचा तुकडा, लांब बोल्ट आणि नटाने हळूहळू ओढून. कार्बनच्या तोंडाला बोट लागू द्यायचं नाही, तेल तर नाहीच. जुना गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडला. डिस्मिसने खरवडला असता तर अॅल्युमिनियमवर चर पडला असता.

दोनदा डिस्टिल्ड वॉटरने धुतलं, मग भरलं. इथे एक गफलत होते. बाजारात दोन प्रकारचं कूलंट मिळतं, घट्ट आणि तयार. घट्टात निम्मं डिस्टिल्ड वॉटर घालायचं, तयारमध्ये थेंबही नाही. तयारमध्ये पाणी घातलं की औषध अर्धं होतं. रंगावर जाऊ नका, हिरवा-लाल-निळा हा ज्याचा त्याचा रंग. मी सिलिकेट नसलेलं घेतलं, पंपाच्या सीलला ते बरं. वीट, कलवणं, ढेकर, सगळं पुन्हा. ११८० मिली मावलं.

२६ मे, सोमवार

आठवडाभर बाटली रेघेवर. आज दुपारी उन्हात जेव्हीएलआरवर मुद्दाम अडकून परीक्षा घेणार होतो. पाऊस सोळा दिवस आधी आला. ११ जूनला यायचा तो आजच मुंबईत दाखल झाला, वरळीच्या नव्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं, आणि माझ्या रेडिएटरवर आभाळाने स्वतः फवारा मारला. असल्या दिवशी तर बिघडलेली गाडीही तापणार नाही. परीक्षा पुढे ढकलली.

१३ जुलै

बाटली रेघेवर. बेली पॅन काढून भोक पाहिलं, कोरडं. फॅनच्या कनेक्टरला पुन्हा ग्रीस.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. गाडी धुतली, हार घातला, हळदकुंकू. हाराची दोन झेंडूची फुलं रेडिएटरच्या जाळीवर आली होती, ती बाजूला केली. आई म्हणाली, "देवाचंसुद्धा काढतोस?" म्हटलं, हवा अडते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काल परीक्षा झाली. दुपारी दोन, ऑक्टोबरचं ऊन, पवई तलावापासून साकी विहारच्या वळणापर्यंत चाळीस मिनिटं. फॅन सहा वेळा लागला, सहा वेळा बंद झाला. दिवा नाही. पोटरीला नेहमीची ऊब.

रात्री बाटली ४० मिलीने वर होती, गरम. आज सकाळी, गार: बाटली मूळ रेघेवर. झाकण उघडलं, रेडिएटर काठोकाठ. सिरिंज: ०.

बॅटरीच्या कव्हरखाली टेप लावून लिहिलंय: कूलंट, मे २०२७. पातेलं गाडीच्या हत्यारांच्या पेटीत. आईला धनत्रयोदशीला नवं.